तालुक्याच्या ऑनलाइन सेंटरवरचं ‘नोंदणी पॅकेज’: काय घ्यावं, काय तिथेच ठेवून यावं

तहसीलसमोरच्या ओळीत, झेरॉक्सवाला आणि इस्टाम्प वेंडर यांच्या मधोमध, हल्ली एक फ्लेक्स हमखास दिसतो. दर्यापूर असो, दिग्रस असो की ब्रह्मपुरी, मजकूर साधारण सारखाच: शॉप ॲक्ट, उद्यम (छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी), फूड लायसन्स, जीएसटी, संस्था नोंदणी, १२ए-८०जी (संस्थेला आणि तिच्या देणगीदाराला आयकरात सूट), पॅन कार्ड. खाली मोठ्या अक्षरात ‘सर्व कामे एकाच ठिकाणी’. आत गेलं की संगणकावरचा पोरगा मान वर न करता म्हणतो, “भाऊ, सप्पा करून देतो, आधार अन् पॅन तेवढं द्या.”

हे परीक्षण कुठल्या एका सेंटरचं नाही. हे पॅकेज विदर्भातल्या तालुक्या-तालुक्यात जसं विकलं जातं, त्यातली कोणती ओळ पैशाला लायक आहे आणि कोणती गळ्यात पडते, एवढंच पाहायचं आहे. निकाल आधीच सांगतो. शॉप ॲक्ट आणि उद्यम बिनधास्त करून घ्या, पण समोर बसून. फूड लायसन्स आणि जीएसटी विचार करून. संस्था नोंदणी आणि आयकराची सूट या दोन गोष्टी पॅकेजात घेऊ नका.

सगळ्यात मोठी खोट एकच आहे आणि ती प्रत्येक ओळीला लागू पडते. अर्ज भरताना मोबाईल नंबर आणि ईमेलच्या रकान्यात सेंटरवाला स्वतःचाच नंबर टाकतो. त्याचंही चुकत नाही म्हणा. गिऱ्हाईक गावी निघून जातं, ओटीपी येतो तेव्हा फोनला रेंज नसते, मग काम अडतं. पण त्या दिवसापासून तुमच्या धंद्याचं खातं त्याच्या खिशात राहतं. पुढे पत्ता बदलायचा, प्रमाणपत्र पुन्हा काढायचं, खात्याची नोटीस वाचायची, तर ओटीपी जातो त्याच्याकडे. सेंटर बंद झालं, पोरगा पुण्याला नोकरीला गेला, की पासवर्ड काढायलाच अर्ज-विनंत्या सुरू. म्हणून घरून निघतानाच धंद्यासाठी एक वेगळा ईमेल उघडून घ्या, आधारला जोडलेला मोबाईल चार्ज करून सोबत न्या, आणि ‘सबमिट’ दाबायच्या आधी स्क्रीन आपल्याकडे वळवून ते दोन रकाने डोळ्यांनी वाचा. युजरनेम आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता एकेक ओळ.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. सरकारी शुल्क शून्य. कागद अपलोड करायचा नाही, आधार आणि पॅनवर काम होतं, आणि प्रमाणपत्राला मुदत नाही. ‘तुमचं उद्यम एक्स्पायर झालं, रिन्यू करा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. सेंटरवाला अर्ध्या तासाच्या टायपिंगचे शे-दोनशे मागत असेल तर द्यायला हरकत नाही. ‘सरकारी फी’ म्हणून हजार मागत असेल तर उठा. पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपणाऱ्या संकेतस्थळाचा आहे ना तेही पाहा, कारण हुबेहूब दिसणारी खासगी पानं शोधात वर येतात आणि घाईत सेंटरवालाही तिथेच अर्ज भरतो.

उद्यममध्ये खरी चूक होते ती धंद्याचा प्रकार निवडताना. यादी लांबलचक असते, सेंटरवाला ‘होलसेल’ किंवा ‘रिटेल ट्रेड’ टाकून मोकळा होतो. आता समजा तुमची छोटी दालमिल आहे. कास्तकाराची तूर घेता, भरडता, डाळ करून अकोल्याच्या व्यापाऱ्याला देता. हे उत्पादन झालं, व्यापार नव्हे. फरक कागदावर बारीक दिसतो, पण वसुलीच्या वेळी तोच आडवा येतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल स्वीकारणाऱ्याने लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कुठल्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्या-महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं, आणि दिवाणी दाव्याऐवजी अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो. हे संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यममध्ये घेतलं खरं, पण ते फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं. म्हणजे दालमिलवाल्याच्या प्रमाणपत्रावर ‘ट्रेडिंग’ छापून आलं की थकलेल्या बिलाच्या वेळी समोरच्याचा वकील तेच पान पुढे करणार.

आणखी एक. नोंदणी माल पाठवायच्या आधीची हवी. बिल थकल्यावर धावत जाऊन काढलेल्या उद्यमवर मागच्या मालाचं व्याज मागायला गेलं की वाद उभा राहतो. धंदा छोटा आहे, नंतर पाहू, हे इथे महागात पडतं. मोठं होण्याची भीतीही नको: १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला धंदा ‘सूक्ष्म’च धरला जातो.

‘दुकानाचा वेगळा पॅन काढून देतो’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. एकट्याच्या मालकीच्या धंद्याला मालकाचाच पॅन चालतो, वेगळा निघतच नाही. भागीदारी, कंपनी, संस्था यांना मात्र स्वतःचा पॅन लागतो.

शॉप ॲक्टचं काम सेंटरं बरं करतात. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात दोन-चार माणसांच्या दुकानाला परवाना लागत नाही, फक्त धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिची जी पावती मिळते तिलाच लोक ‘शॉप ॲक्ट लायसन्स’ म्हणतात आणि चालू खातं उघडताना बँकही तीच मागते. एवढंच लक्षात ठेवा की या पावतीने जागा तुमची ठरत नाही आणि बांधकामाला परवानगीही मिळत नाही. पाटी मराठीत, देवनागरीत आणि दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नसलेल्या अक्षरात हवी. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे एका माणसाच्या दुकानालाही लागू आहे.

पत्त्याच्या पुराव्यावर मात्र गावाकडचे अर्ज हमखास परत येतात, आणि याची तयारी सेंटरवाला करून घेत नाही. गावठाणातलं घर आजोबांच्या नावावर, लाइट बिल मोठ्या काकांचं, धंदा नातवाचा. अशा वेळी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, चालू वर्षाची घरटॅक्स पावती, ज्याच्या नावावर जागा आहे त्याचं संमतीपत्र आणि त्याच्या आधारची झेरॉक्स एवढा संच लागतो. इथे एक गोंधळ नेहमीचा आहे. ‘आठचा उतारा आणा’ म्हटलं की लोक पटवाऱ्याकडून ८-अ घेऊन येतात. तो शेतजमिनीचा खाते उतारा, ग्रामपंचायतीचा नमुना ८ वेगळा. दुकानाच्या पत्त्याला सातबारा किंवा ८-अ लावला की पुढचा प्रश्न ठरलेला: जमीन अकृषक आहे का? रस्त्यालगतच्या वावरात टिनाचं शेड टाकून गॅरेज सुरू करणाऱ्यांनी हा प्रश्न आधीच सोडवून मग सेंटरची पायरी चढावी. ज्या गावात ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळाल्या आहेत, तिथे ती जोडली की बरीच कटकट वाचते.

फूड लायसन्स पापड, लोणचं, मसाला, संत्र्याची बर्फी विकणाऱ्या सगळ्यांना लागतं. सेंटरवर अर्ज भरला जातो, १४ अंकी क्रमांक मिळतो, इथवर ठीक. बचत गटांचं गाडं अडतं ते नावावर. नोंदणी अध्यक्ष बाईंच्या वैयक्तिक नावाने आणि त्यांच्या घराच्या पत्त्यावर होते. माल बनतो समाजमंदिराच्या मागच्या खोलीत, आणि दोन वर्षांनी अध्यक्ष बदलतात. जिथे माल बनतो तो पत्ता आणि जो तो बनवतो त्याचं नाव, दोन्ही अर्जात तसंच यायला हवं. आणि पाकिटावर फक्त तो १४ अंकी आकडा छापून भागत नाही. वजनमापे खात्याचे २०११ चे पॅकबंद मालाचे नियम वेगळे आहेत: बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क. विक्रीचा माल पाकीटबंद करणाऱ्याने त्या खात्याकडे नोंदणीही करायची असते आणि तराजूवर मुदतीतला शिक्का लागतो. फ्लेक्सवर हे कुठेच नसतं. हजार पाकिटं छापून आणल्यावर हे समजलं तर स्टिकर चिकटवत बसावं लागतं.

जीएसटीबद्दल थोडक्यात. नोंदणी फुकट आहे म्हणून घेऊन ठेवू नका. नुसता माल विकणाऱ्याला राज्यात वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत उलाढालीला ती लागत नाही. पण माल राज्याबाहेर विकला, वरुडहून पांढुर्ण्याला किंवा केळापूरहून आदिलाबादला, की करपात्र मालाला पहिल्या रुपयापासून लागते. एकदा नंबर घेतला की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावंच लागतं, आणि चुकलं तर शून्य विवरणपत्रालाही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क चढत राहतं. पॅकेजमध्ये नोंदणी असते, विवरणपत्रं नसतात. म्हणून जीएसटी त्याच माणसाकडून काढा जो पुढे दर महिन्याला किंवा तिमाहीला ती भरणार आहे.

आता संस्था. पॅकेजातली सगळ्यात महाग आणि सगळ्यात कच्ची ओळ ही.

महाराष्ट्रात ‘संस्था’ (सोसायटी) म्हणून जी नोंदवली जाते तिला बहुधा दोन कायदे लागतात: १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयात होतात आणि दोन वेगळे क्रमांक मिळतात. विश्वस्त व्यवस्थेच्या नोंदणीत सोसायटीच्या क्रमांकाआधी ‘एफ’ लागतो. पुष्कळ मंडळी पहिलं प्रमाणपत्र मिळालं की पेढे वाटतात आणि दुसऱ्याकडे वळतच नाहीत. सेंटरवाल्याचा ‘संस्था नोंदणी’चा दर दोन्हींचा आहे की एकाचाच, हे पहिल्यांदा विचारा.

सोसायटीला किमान सात सभासद लागतात. सातही एकाच घरातले असले तर कागद पुढे सरकेलही, पण देणगीदार आणि आयकर खातं दोघंही पुढे भुवया उंचावतात. नावं आधारवर जशी आहेत तशीच, अक्षराला अक्षर. ‘रामरावजी’ आणि ‘रामराव’ यातला ‘जी’ आपल्याकडे आदराचा असतो, पण बँकेच्या केवायसीत तो वेगळा माणूस ठरतो.

पॅकेजची खरी परीक्षा होते घटनेत, म्हणजे नियमावलीत. सेंटरवाल्याकडे एकच फाइल असते, आणि ती कुणाच्या तरी जुन्या संस्थेची. नाव आणि गाव बदललं की झाली तुमची घटना तयार. अशी फाइल बारकाईने वाचली की सापडतं ते असं: पान दोनवर कार्यकारी मंडळाची मुदत पाच वर्षं, पान सातवर निवडणूक दर तीन वर्षांनी. गणपूर्ती एका ठिकाणी एकतृतीयांश, दुसऱ्या ठिकाणी तीनपंचमांश. कार्यक्षेत्र ‘संपूर्ण महाराष्ट्र’, पण एका कलमात शेजारच्या जिल्ह्यातल्या कुठल्याशा गावाचं नाव तसंच राहिलेलं. संस्थेत भांडण नसतं तोवर हे कुणाच्या लक्षात येत नाही. दोन गट पडले की दोघंही त्याच घटनेतलं आपापलं पान घेऊन उभे राहतात, आणि निवडणूक वैध की अवैध यावर प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळतं.

उद्देशांचंही तसंच. गोशाळा, संगणक वर्ग, वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती, सामूहिक विवाह, एकूण चाळीस उद्देश. जास्त लिहिले तर जास्त अनुदान, हा गैरसमज आहे. पाच-सहा नेमके उद्देश पुरतात. त्यापेक्षा दोन कलमं आहेत का ते पाहा: संस्थेचा नफा सभासदांत वाटला जाणार नाही, आणि संस्था विसर्जित झाली तर मालमत्ता समान उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जाईल. ती नसतील तर आयकर खात्याची पहिली शंका तिथेच निघते आणि मग घटनादुरुस्ती, सभा, ठराव, पुन्हा धर्मादाय कार्यालय असा फेरा पडतो. घटनेची फाइल युनिकोडमध्ये मागून घ्या. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की त्यातलं एक अक्षर लागत नाही, आणि दुरुस्तीच्या वेळी सगळं पुन्हा टाइप करायची पाळी येते.

सोसायटी की ट्रस्ट (नुसती विश्वस्त व्यवस्था), हा प्रश्न सेंटरवर कुणी विचारतच नाही. ‘सगळे संस्थाच काढतात’ म्हणून तीच निघते. विश्वस्त व्यवस्थेच्या नोंदीत काहीही बदल झाला, म्हणजे पदाधिकारी, पत्ता, मालमत्ता, तर कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. त्यालाच सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. सोसायटीत दर निवडणुकीनंतर नवं मंडळ येतं, म्हणजे दर निवडणुकीला चेंज रिपोर्ट. तो मंजूर होईपर्यंत धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या ‘शेड्यूल १’च्या उताऱ्यावर जुनीच नावं राहतात, आणि बँक सहीचे अधिकार त्या उताऱ्यावरून ठरवते. दोन निवडणुकांचे चेंज रिपोर्ट तुंबले की ज्यांची मुदत संपली त्यांच्याच सह्या चालतात. त्यातला एखादा वारला असेल तर खातं ठप्प. चार-पाच विश्वासू माणसांनी एखादी वाचनालयासारखी गोष्ट चालवायची असेल तर साधा ट्रस्ट बरा, कारण विश्वस्तांची मुदत लांब ठेवता येते. गावातल्या लोकांना सभासद करून, मतदान घेऊन काम करायचं असेल तर सोसायटी. कास्तकारांचा माल एकत्र विकून पैसे वाटायचे असतील तर यातलं काहीच नको, शेतकरी उत्पादक कंपनी हवी. तिला किमान दहा उत्पादक लागतात आणि ती नफ्यासाठीच असते.

हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि तपासलेला हिशेब त्यानंतर सहा महिन्यांत धर्मादाय कार्यालयात दाखल व्हावा लागतो. वर्षभरात चहाचाही खर्च झाला नसला तरी. चेंज रिपोर्टच्या वेळी हेच आधी विचारलं जातं. इमारत किंवा जागा विकायची असेल, अकृषक जागा तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची असेल, तर कलम ३६ खाली आधी परवानगी लागते. ठराव करून परस्पर केलेला व्यवहार टिकत नाही. प्रोसिडिंग बुक (सभांच्या इतिवृत्ताची वही), सभेची सूचना पोचल्याच्या सह्या आणि छापील अनुक्रमांकाची पावती पुस्तकं पहिल्या दिवसापासून ठेवा. चेंज रिपोर्टला पुरावा म्हणून हेच लागतं, आणि नंतर बसून लिहिलेलं प्रोसिडिंग एकाच पेनाच्या शाईवरून ओळखू येतं.

उरलं १२ए-८०जी. सेंटरवर ‘करून देतो’ म्हणतात ती तात्पुरती नोंदणी, तीन वर्षांची. तिच्यावर नियमित नोंदणी घ्यायला दुसरा अर्ज करावा लागतो: काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत किंवा तात्पुरती मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा. बहुतेक संस्था इथेच गळतात, कारण आठवणीचा ईमेल गेलेला असतो सेंटरवाल्याच्या इनबॉक्समध्ये. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत. तात्पुरती आणि मग नियमित ही चाल तीच आहे. सीएकडे थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील, हे काम वर्षाचा हिशेब तपासणाऱ्याकडेच द्या. ‘८०जी मिळालं की देणग्यांचा पाऊस’ ही फ्लेक्सवरची भाषा. नव्या करप्रणालीत गेलेल्या देणगीदाराला ही वजावट मिळतच नाही, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला कुणालाच नाही. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी हवा असेल तर मात्र दोन्ही नोंदण्या लागतात, आणि वर कंपनी खात्याकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरावा लागतो.

गुण द्यायचेच तर पाचपैकी: शॉप ॲक्ट चार, उद्यम तीन (प्रकार स्वतः तपासला तर चार), फूड लायसन्स तीन, जीएसटी दोन, संस्था नोंदणी दीड, १२ए-८०जी एक. पोरं मेहनती असतात, इंटरनेट गेलं तर रात्री नऊला बसून अर्ज पुरा करतात, त्याचे पैसे द्यावेत. फक्त टायपिंगला सल्ला समजू नये. घटना तपासायला जिल्ह्याला धर्मादाय कार्यालयात नेहमी उभे राहणारे वकील शोधा. तो खर्च झेपत नसेल तर तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती बसते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक यांना तिथे वकील मोफत मिळतो, महिलांना तर उत्पन्नाची अटही नाही. अर्ज साध्या कागदावर, आधारची झेरॉक्स जोडून. फोन करायचा असेल तर १५१००.